हळद लागलेलं पोकलेन

जुनं मिनी पोकलेन विकायला निघालं की त्याच्या जाहिरातीपुरती मराठी भाषा वेगळीच धार धरते. ‘एकहाती मशीन. कंडिशन एक नंबर. एक रुपयाचं काम नाही. लावा आणि कमवा. टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये.’ या मजकुरावर खोटेपणाचा आरोप करणं अन्यायाचं होईल. एकहाती म्हणजे एका वेळी एकाच्याच हातात होतं. पाच मालक झाले असतील, पण दोघांनी मिळून कधी लिव्हर धरले नाहीत. एक रुपयाचं काम नाही हे तर शब्दशः खरं असतं, कारण जे काम असतं ते दीड लाखाचं असतं. ‘लावा आणि कमवा’ यात कोणी कमवायचं हे मोघम ठेवलेलं असतं, आणि मिस्त्री, टर्नर, वेल्डर, होज पाइपवाला असे चार संसार त्या वाक्यावर सुखाने चालतात. मुळात नावापासूनच सावळा गोंधळ आहे. पोक्लेन ही एक फ्रेंच कंपनी. तिने ही यंत्रं बनवणं केव्हाच सोडलं, पण आपल्याकडे साखळीवर सरकणारं आणि मातीत बकेट घालणारं कुठलंही यंत्र पोकलेनच. आणि चाकांवर धावणारं, पुढे सूप नि मागे नांगी असलेलं पिवळं यंत्र, ते कोणीही बनवलेलं असो, जेसीबी. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाने १९४५ साली स्टॅफर्डशायरमधल्या एका भाड्याच्या गॅरेजात धंदा मांडला, तेव्हा आपल्या नावाची तीन अक्षरं पुढे सांगली-सोलापुरात पुढाऱ्यांवर गुलाल उधळतील याची त्याला कल्पना नसावी. त्यामुळे ‘जेसीबी कंपनीचं छोटं पोकलेन’ किंवा ‘हिताचीचं पोकलेन’ अशी जाहिरात निघते आणि ती वाचून कोणाच्याही कपाळाला आठी पडत नाही. जिथे वस्तूचं नावच उसनं, तिथे बाकीच्या तपशिलाची फार चिकित्सा करू नये, अशी विकणाऱ्याची माफक अपेक्षा असते.

या व्यवहाराचं शास्त्र अमेरिकेत १९७० सालीच लिहून झालंय. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला, चौथ्याने छापला, आणि २००१ साली आणखी दोघांबरोबर त्यांना नोबेल मिळालं. तिकडे खोट निघालेल्या गाडीला ‘लेमन’ म्हणतात, म्हणजे लिंबू. निबंधाचं सार असं, की चांगली गाडी कोणती आणि लिंबू कोणतं हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्यांनाच मधला भाव सांगतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही. आणि बाजारात उरतात फक्त लिंबं. आपल्याकडचा विक्रेता याबाबतीत अमेरिकनांपेक्षा प्रामाणिक म्हणायला हवा. तो लिंबू लपवत नाही. मिरच्यांसकट दोऱ्यात ओवून ते यंत्राच्या पुढेच टांगतो, आणि घ्यायला आलेला माणूस त्याला नमस्कार करून पुढे जातो. पण लिंबापुरतं सोडलं तर नोबेलवाल्यांशी आमचा एक मतभेद आहे. (प्रस्तुत लेखकाची यांत्रिक लायकी सायकलची पडलेली चेन बसवण्यापुढे गेलेली नाही. पण मतभेदाला लायकी लागते असं कोणी म्हटलंय?) त्यांच्या गिऱ्हाइकाला गाडीतली खोट कळण्याची सोयच नसते. मिनी पोकलेनची गोष्ट वेगळी. याचं दुखणं बंद पेटीत नसतं. ते उघड्यावर, गुडघ्याच्या खालच्या उंचीला, तेल गाळत बसलेलं असतं. जे गुडघ्याखाली नसतं ते दहा-पंधरा मिनिटं थांबलं की आपोआप कळतं. अडचण एवढीच, की घ्यायला आलेला माणूस वाकत नाही आणि थांबत नाही. म्हणजे फसवणूक होते ती अज्ञानाने होत नाही, गिऱ्हाइकाच्या पूर्ण सहकार्याने होते, असं आमचं म्हणणं आहे. त्याचा पुरावा आता देतो.

पहिला पुरावा म्हणजे बोलेरोतून उतरणारी माणसं. जुनं मशीन बघायला कोणी एकटा जात नाही, चौघं जातात. एक खुद्द घेणारा. दुसरा भागीदार, जो पैसे अर्धे देणार पण बोलणार पूर्ण. तिसरा मिस्त्री. आणि चौथा, गाडीत जागा होती म्हणून आलेला. हे चौघं निघतात तेव्हा निर्णय आधीच झालेला असतो. पाइपलाइनच्या चारीचं नाहीतर शेततळ्याचं काम तोंडी मिळालेलं असतं, पतसंस्थेत शब्द टाकलेला असतो, दसऱ्याचा मुहूर्त धरलेला असतो, सासुरवाडीला फोन गेलेला असतो, आणि ट्रेलरवाल्याला ‘दुपारी तीनपर्यंत ये’ असं सांगूनही ठेवलेलं असतं. दीडशे किलोमीटर गेलेला माणूस मशीन न घेता परत आला तर गावात विचारणा होते, आणि तिला उत्तर नसतं. मशीन घेऊन आला आणि ते बिघडलं, तर मात्र सगळं गाव सहानुभूतीने जमतं. तेव्हा तिथे जे घडतं ती तपासणी नसते, तो बघण्याचा कार्यक्रम असतो. पोहे सोडले तर सगळं तेच. यात खरा धोका विकणाऱ्याला असतो, तो चौथ्या माणसापासून. कारण त्याचं या व्यवहारात काहीच अडकलेलं नसतं. चपलेचा अंगठा तुटला म्हणून तो खाली वाकतो आणि सहज विचारतो, “हे खाली काय गळतंय?” त्यावर मालक म्हणतो, “ग्रीस आहे पाव्हणं, ग्रीसिंग भरपूर केलंय म्हणून दिसतंय,” आणि घेणाराच चौथ्याकडे असं बघतो, की परतीच्या प्रवासात त्याला मागच्या आडव्या बाकावर बसावं लागतं.

डोळ्यांच्या उंचीला काय दिसतं? रंग. जुन्या मशीनला विकण्याआधी पिवळा रंग मारतात, आणि तो लग्नातल्या हळदीसारखाच लागतो; म्हणजे जिथे लागायला हवा तिथेही आणि जिथे नको तिथेही. होज पाइपवर रंग, दिव्यांच्या काचेवर रंग, कंपनीच्या नंबराच्या पट्टीवर रंग, ग्रीस निपलच्या तोंडावर रंग. ग्रीस निपल म्हणजे यंत्राच्या सांध्याला वंगण भरायची बोंडी. तिच्यावर रंगाचे तीन थर वाळून बसले असतील, तर त्या सांध्याने वंगणाचं तोंड शेवटचं कधी बघितलं याचा अंदाज लहान मूलही करू शकेल. होज पाइप रबराचा, दाब आला की हलतो. रंग हलत नाही, तडकतो. त्या तडकलेल्या रंगातून काळं तेल झिरपतं आणि पिवळ्या शालूला काळी किनार दिसायला लागते. हे सगळं चार फुटांवरून दिसतं. पण माणसाचा रंगावर इतका विश्वास असतो, की ‘कंडिशन बघा शेठ’ म्हटल्यावर भागीदार इंजिनच्या झाकणावर थाप मारून ‘पत्रा जाड आहे’ एवढंच म्हणतो. पत्रा खोदत नाही, हे त्या क्षणी कोणाच्याही ध्यानात येत नाही.

मग आवरमीटर. हे यंत्र किलोमीटर मोजत नाही, तास मोजतं, आणि विकायला काढलेल्या यंत्राचे तास नेहमी लाज वाटावी इतके कमी असतात. सात वर्षांचं मशीन, दोन हजार तीनशे तास. भागाकार करायला कागद-पेन्सिलही नको: रोजची साधारण चोपन्न मिनिटं. म्हणजे या मालकाने सात वर्षं कर्जाचे हप्ते भरले, ऑपरेटरला महिना पगार दिला, हेल्परला जेवण दिलं, आणि मशीन रोज चोपन्न मिनिटं चालवून बंद केलं. उरलेले तेवीस तास सहा मिनिटं ही सगळी मंडळी काय करत होती? याला आक्षेप असा घेतात, की काही मशीन खरंच कमी चाललेली असतात. मान्य. ज्याला काम मिळत नाही तोच विकतो. पण कमी चाललेल्या मशीनच्या पायपट्टीवरचं रबर शाबूत असतं, लिव्हरच्या मुठीवरची नक्षी बोटांना लागते, सीटचा स्पंज जागेवर असतो. चोपन्न मिनिटंवाल्याच्या मुठी देवळातल्या नंदीच्या पाठीसारख्या गुळगुळीत झालेल्या असतात आणि सीटवर कोरं करकरीत वाघाच्या पट्ट्यांचं कव्हर असतं. मीटर बदलता येतं, त्याची वायर काढून ठेवता येते. पण घासलेली मूठ परत खरबरीत करायचं तंत्र अजून कोणाला साधलेलं नाही. एवढा ढळढळीत साक्षीदार समोर असताना चौघंही मीटरचा मोबाइलवर फोटो काढतात आणि सासुरवाडीला पाठवतात.

आता गुडघ्याखाली. छोट्या पोकलेनचा सगळा भार ज्यावर असतो तो चालीचा सांगाडा, म्हणजे साखळी किंवा रबरी पट्टा, तिला ओढणारं दातेरी चक्र, पुढची आयडलर आणि मधले रोलर, हा या यंत्राच्या खर्चाचा सगळ्यात खोल खड्डा. दातेरी चक्राचे दात नवे असताना बोथट असतात. झिजत गेले की टोकदार होतात. गंमत अशी, की टोकदार दात बघून गिऱ्हाइकाला ते ‘अजून धारदार’ वाटतात. पट्टा सैल पडला असेल तर तो ताणायची सोय असते, एका नळकांड्यात पंपाने ग्रीस भरायचं. विकण्याच्या आदल्या संध्याकाळी ते इतकं भरतात, की पट्टा तबल्याच्या वादीसारखा ताठ होतो आणि मिस्त्री त्यावर लाथ मारून ‘टाइट आहे’ असा निर्वाळा देतो. त्याच्या वर, ज्या मोठ्या बेअरिंगवर यंत्राचं धड फिरतं, त्याचा ढिलेपणा बघायचा तर बकेट जमिनीला टेकवून, तिच्यावर जोर देऊन यंत्राची पुढची बाजू किंचित उचलायची आणि सांध्यापाशी डोळा लावायचा. धड आणि पाय वेगवेगळ्या वेळी उठत असतील तर काम मोठं आहे. बकेटच्या पिन-बुशांचं तर कान लावलं तरी कळतं. बकेट हलवली की ज्या मशीनमधून पैंजण वाजल्यासारखं ऐकू येतं, ते टर्नरच्या घरचं कल्याण करणार. हे सगळं बघायला एकूण तीन वेळा उकिडवं बसावं लागतं. पण गिऱ्हाइकाने पांढरी पँट घातलेली असते. मशीन घ्यायला जाताना पांढरी पँट का घालतात, हा विषय समाजशास्त्राचा आहे. पण पांढऱ्या पँटने या राज्यातल्या जुन्या मशीनच्या व्यापाराला जेवढं तारलंय, तेवढं कुठल्याही दलालाने तारलेलं नाही.

वाकण्याचं झालं, आता थांबण्याचं. डिझेल इंजिन थंड असताना सुरू करून बघावं, कारण त्याचे आजार सकाळच्या पहिल्या खोकल्यात कळतात: पांढरा धूर, निळा धूर, सुरू व्हायला घेतलेला वेळ. हायड्रॉलिक तेल मात्र चांगलं गरम झाल्यावर तपासावं, कारण गरम तेल पातळ होतं आणि झिजलेल्या पंपाच्या आतल्या आत निसटतं. मग सकाळी पहिलवान असलेलं यंत्र दुपारी लिव्हर ओढूनही सावकाश, विचार करून उठतं. विक्रेत्याचं कौशल्य असं, की तो बरोबर उलटं दाखवतो. बोलेरो फाटा वळायच्या आत इंजिन गरम करून ठेवलेलं असतं, आणि डेमो इतका आटोपशीर असतो, की तेल कोमटसुद्धा होत नाही. “बघितलं ना? मग डिझेल कशाला जाळायचं?” हे वाक्य काटकसरीचं वाटतं आणि चौघंही माना डोलावतात. इंजिनच्या झाकणाला नुसता हात लावला असता तर पहिलं गुपित फुटलं असतं, पण त्यावर थाप मारणाऱ्या भागीदाराला चटका बसूनही काही सुचत नाही. दुसरी परीक्षा तर फुकट आहे. बूम, म्हणजे यंत्राचा मोठा हात, वर उचलायचा, इंजिन बंद करायचं आणि दूर उभं राहून बघायचं. थोडा खाली येणं माफ. पण चहा येऊन संपेपर्यंत बकेट जमिनीवर टेकली, तर सिलिंडरची सीलं नाहीतर व्हॉल्व्ह गेलेत असं समजायला हरकत नाही. चहा तर येतोच. कपातली पातळी आणि हवेतली बकेट एकाच गतीने खाली येत असतात, पण मंडळींचं लक्ष बिस्किटात असतं.

विक्रेत्याचं आणखी एक आवडतं वाक्य आहे. “फक्त मातीत चाललंय, ब्रेकर मारलेला नाही.” ब्रेकर म्हणजे खडक फोडायचा हातोडा, आणि त्याचे हादरे बूमच्या जोडांना, पिनांना आणि पंपालाही पोचतात. आता महाराष्ट्राच्या भूगोलाकडे बघा. आपण ज्यावर राहतो तो डेक्कन ट्रॅप म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उकळून वर आलेल्या लाव्हाचा काळा पाषाण, आजही जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला. देशावर कुठेही विहीर काढा. चार हात माती, मग मुरूम, मग त्या पाषाणाशी गाठ. कोकणात उतरलात तर जांभा. तिथे खारी हवाही आहे, जी रंगाच्या आतून लोखंड खाते. तेव्हा ‘फक्त मातीत’ चाललेलं मशीन या राज्यात शोधायचं तर ते कुंड्या भरायच्या कामावर असलं पाहिजे. ट्रॅप हा शब्द पायऱ्यांच्या अर्थाने आला असं भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. जुनं मशीन घेतलेल्यांना दुसरा अर्थही पटतो.

आक्षेप येतील. पहिला हमखास: “आमच्याबरोबर मिस्त्री असतो, त्याला सगळं कळतं.” त्याला कळतं याबद्दल वाद नाही. पण मिस्त्रीने ‘मशीन बाद आहे’ म्हटलं तर आजचा दिवस फुकट जातो, आणि ‘चांगलं आहे, थोडं काम निघेल’ म्हटलं तर ते थोडं काम पुढली तीन वर्षं त्याच्याकडेच निघतं. कुठलाही विचारी माणूस अशा वेळी काय म्हणेल? दुसरा आक्षेप वजनदार आहे: नवं घ्यायला ऐपत नाही. पहिल्या हप्त्याची जुळवाजुळव करताना जमीन गहाण पडते, आणि जुन्या मशीनवर घर चालवणारी हजारो माणसं आहेत. तेही खरं. जुनं घेऊच नये असं म्हणायचा आमचा अधिकार नाही आणि हेतूही नाही. पण ऐपत नसलेल्या माणसानेच दहा मिनिटं जास्त थांबायला हवं ना? प्रत्यक्षात शोरूममध्ये नवं घेणारा माणूस सीटच्या कव्हरसाठी दोन तास भांडतो, आणि जुनं घेणारा लाखांचा इसार पाच मिनिटांत देऊन म्हणतो, “बाकी तुमच्यावर विश्वास आहे.” हा विश्वास नसतो. ट्रेलर येऊन उभा राहिलेला असतो.

विदेशी मशीनचा मोह वेगळाच. जपानमधून आलेल्या जुन्या छोट्या यंत्रावर जपानी अक्षरांच्या चिकटपट्ट्या असतात आणि त्या न वाचता आल्यामुळेच भाव वाढतो. धोक्याची सूचना असेल, ‘हे काढू नये’ असं असेल, कोणी सांगावं. गिऱ्हाईक त्याला ‘ओरिजिनल’ म्हणतं. यंत्र बहुधा चांगलंच असतं. प्रश्न लिव्हरचा येतो. दोन लिव्हरपैकी कोणत्याने बूम उचलायचा आणि कोणत्याने आर्म, म्हणजे बूमच्या पुढचा हात, लांब करायचा याच्या जगात एकाहून जास्त पद्धती आहेत, आणि जपानमध्येच एकेकाळी कंपनीगणिक वेगळी पद्धत असे. आपला ऑपरेटर पंधरा वर्षांच्या सवयीने उजवा हात मागे ओढतो, बूम वर येईल या भरवशावर, आणि आर्म वळून शेजारच्या कंपाउंडची भेट घेतो. त्यानंतर सुट्या भागाची वेळ येते. आपल्याकडे कधी विकलंच न गेलेल्या मॉडेलचं ऑइल सील मागितल्यावर दुकानदार गिऱ्हाइकाकडे ज्या मायेने बघतो, ती माया आजारी माणसाच्या नातेवाइकांसाठी राखून ठेवलेली असते.

कागदपत्रांचं थोडक्यात. साखळीवर चालणारं यंत्र रस्त्याने धावत नाही, ट्रेलरवर बसून जातं. म्हणून त्याला बहुधा आरटीओचा नंबर नसतो आणि आरसी बुकही नसतं. मोटारसायकलवर कर्ज असेल तर ते तिच्या आरसीवर दिसतं; वीस पट किमतीच्या या यंत्राची ओळख म्हणजे मूळ बिल, फायनान्सवाल्याची एनओसी आणि लोखंडावरचा नंबर. बिल विचारलं की झेरॉक्सची झेरॉक्स मिळते, ज्यात मालकाचं नाव सोडून सगळं स्पष्ट असतं. “मूळ कागद?” “भावाकडे, पुण्यात.” पुण्याला फोन केला की भाऊ म्हणतो, कागद गावाकडेच असतात. एनओसी ‘आठवड्यात येतेच’. ती येत नाही. एक दिवस हप्ते वसूल करणारी चार माणसं येतात, आणि तीही बोलेरोतूनच उतरतात.

इतकं सगळं होऊनही मशीन येतं, त्याची पूजा होते, पेढे वाटले जातात, आणि दोन पावसाळे ते निम्मं चाऱ्या खोदत नि निम्मं वेल्डरच्या दारात काढतं. मग नवा मालक एका संध्याकाळी हिशेब मांडतो आणि मशीन विकायचं ठरवतो. तो लबाड नसतो; त्याला जे दाखवलं गेलं तेच तो आता दाखवणार असतो. पिवळ्या रंगाचे डबे येतात. सीटला कव्हर येतं, या वेळी बिबट्याच्या ठिपक्यांचं. पट्ट्यात ग्रीस भरलं जातं, लिंबू बदललं जातं, जाहिरातीत ‘एकहाती’ लिहिताना त्याचा हात जराही अडखळत नाही. सकाळी इंजिन चालू करून तो फाट्याकडे नजर लावून उभा राहतो, धुळीचा लोट दिसला की ते बंद करतो, आणि हेल्परला हळूच सांगतो, “चौघं उतरतील. तिघांना मी बघतो. मागून तो चौथा येईल ना, चपला बघत, त्याला आधी खुर्ची दे.”